चित्रामागचे हात



अंतराळशास्त्रावर बोलण्याचा अधिकार शास्त्रज्ञांचा. माझे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु कामगारांच्या सभांसाठी मी गावोगाव हिंडतो आणि एस. टी.त, रेल्वेच्या डब्यात लोक मोबाईलवर काय पाहतात, हे पाहतो. समाजमाध्यमांवर फिरणारी इस्रोची दोन चित्रे मला तेथे पुन्हा पुन्हा भेटली आहेत.

पहिले १९८१ सालचे. ‘ॲपल’ नावाचा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे. कोणी हळहळतो, ‘केवढे हे दारिद्र्य!’ कोणी छाती फुगवून सांगतो, ‘मोटारीला पैसे नव्हते, तरी करून दाखवले!’ दोघेही चुकतात. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यावयाची होती आणि मोटारीच्या लोखंडाने तीत व्यत्यय आला असता. म्हणून लाकडी गाडी आणली. ते दारिद्र्य नव्हते, ती अक्कल होती. त्याच वर्षी १९ जूनला हा उपग्रह युरोपच्या एरियान अग्निबाणाने अवकाशात गेला.

दुसरे चित्र सप्टेंबर २०१४ मधले. मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा बंगळूरच्या केंद्रात साड्या नेसलेल्या, केसांत फुले माळलेल्या स्त्रिया एकमेकींचे अभिनंदन करीत होत्या. ‘ह्याच त्या शास्त्रज्ञ!’ म्हणून चित्र जगभर गेले. पुढे इस्रोने खुलासा केला, की ह्या कार्यालयीन कर्मचारी होत. शास्त्रज्ञ स्त्रियाही मोहिमेत होत्याच, त्या नियंत्रण कक्षात होत्या. रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ ही त्यांतली नावे.

हा खुलासा वाचून गाडीत एक तरुण म्हणाला, ‘म्हणजे नुसत्या कारकून!’ मित्रहो, त्या ‘नुसत्या’ शब्दाशी माझे भांडण आहे. शास्त्रज्ञ स्त्रियांचे श्रेय त्यांनाच मिळाले पाहिजे, यात वाद नाही. परंतु खरेदीचे कागद, पगारपत्रके आणि हिशेब यांवाचून कोणते यान उडाले आहे? आपल्या संस्थेच्या यशात आनंद मानायला कारकुनाला कोणाची परवानगी लागावी काय?

आणि कागदाच्या पलीकडे यंत्रावरचे हात आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, ते लक्षावधी लोकांनी मोबाईलवर पाहिले. त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाची विकास इंजिने गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात घडली. घन इंधनाच्या नळकांड्यांचे काम वालचंदनगरला झाले. हे दोन्ही आपल्या महाराष्ट्रात. तेथल्या वेल्डरचे चित्र तुमच्यापैकी कोणाच्या मोबाईलवर आले?

समाजमाध्यमांना मी दोष देत नाही. त्यांनी अवकाशाची वार्ता शेताच्या बांधापर्यंत नेली, हे मोठेच काम. मात्र चित्र वेगाने धावते आणि त्यामागचे काम जागेवरच राहते. तेव्हा पुढचे चित्र दुसऱ्याला धाडण्यापूर्वी एवढेच विचारा : हे कोणी केले, आणि असे का केले? ज्या समाजाला हे विचारण्याची सवय लागते, तो मजुरीचा हिशेबही नीट करतो.