खुली जागा पुरुषांची नव्हे
(जिल्हा बैठकीतील महिला सत्रात केलेले भाषण)



सकाळी कांद्याच्या भावावर दोन तास चर्चा झाली. ती व्हायलाच पाहिजे. पण जेवणाच्या सुट्टीत एका गावच्या चार जणी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ताई, सोडतीत आमचा वॉर्ड या वेळी खुला निघाला. म्हणजे आता आमचं काम संपलं का?" मी आणलेले भाषण बाजूला ठेवते आणि या प्रश्नाचेच उत्तर देते.

आधी थोडे मागचे सांगते. नव्या पोरींना ते ठाऊक नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. गावोगावच्या बाया भाकरी बांधून आल्या होत्या. पंचायत राज्याच्या निवडणुका आता बायांनी लढवायच्या, हा निर्धार महिला आघाडीने त्याच काळात केला. तेव्हा आजच्यासारखे आरक्षण नव्हते. जिल्हा परिषदांच्या निवडणुका तर १९७९ नंतर थेट १९९२ साली झाल्या. पण जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ साली सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायांची आली. राखीव जागांसाठी चिठ्ठी नाही, सोडत नाही. गावाने बायांना मते दिली, बस्स. त्याच गावात लक्ष्मीमुक्तीचे कामही झाले. नवऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून दिला. सातबाऱ्यावर नाव आणि पंचायतीत खुर्ची, या दोन गोष्टी बरोबर चालल्या. एकीवाचून दुसरी लंगडी, हे तेव्हाच कळले होते.

मग कायदे आले. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. मी त्या कायद्याला नावे ठेवणार नाही. मीही त्याच दाराने आत आले.

आत आल्यावर काय दिसले? निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात मला बैठकीची नोटीसच आली नाही. ठरावाचे रजिस्टर मात्र सहीसाठी घरी आले. शिपाई म्हणाला, "वहिनी, इथं सही करा, दादांनी वाचलंय." मी म्हटले, दादांनी वाचले असेल तर दादांनीच सही करावी. रजिस्टर परत गेले. दुसऱ्या बैठकीला मी स्वतः जाऊन बसले. चहा सांगणार का, असे मला विचारले. मी जमाखर्चाची वही मागितली. पुढची पाच वर्षे ती वही हेच माझे काम होते. टाकीचे बिल निघाले पण नळाला पाणी नाही, हे पुरुषांना दिसत नाही असे नाही. हंडा मात्र त्यांच्या डोक्यावर नसतो.

पूर्वी सरपंचबाईचा शिक्का नवऱ्याच्या खिशात असायचा. आता डिजिटल सहीचे डोंगल खिशात असते. खिसा तोच. हे सरपंचपतींचे प्रकरण इतके वाढले की २०२३ साली केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली.

आता त्या चार जणींचा प्रश्न. माझाही वॉर्ड पुढच्या खेपेला खुला झाला. ज्यांनी "बाई काम चांगलं करते" म्हटले होते, तेच घरी आले आणि म्हणाले, "ताई, आता बास. जागा खुली आहे, दादांना उभं करा." कोणी आवाज चढवला नाही. सगळे प्रेमाने बोलले. घरातलेही गप्प बसले. मी तरी फॉर्म भरला आणि अकरा मतांनी पडले.

त्या रात्री मला शरद जोशींची आठवण झाली. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. ते एक मत शरद जोशींचे होते. ज्यांनी चांदवड घडवले, त्यांनीच विरोधात मत द्यावे, याचा मला तेव्हा राग आला होता. त्यांचे म्हणणे असे की फिरत्या राखीव जागेत मतदारसंघ कोणीच जोपासणार नाही. बाईला ठाऊक, पुढच्या वेळी ही जागा आपली नाही. पुरुषाला ठाऊक, आपली पाळी येणारच आहे. माझ्या गावात अगदी तेच झाले. तरीही मी म्हणते, चिठ्ठी निघाली नसती तर मी उंबऱ्याबाहेर आलेच नसते. आरक्षण पाहिजे. पण आरक्षण हा उंबरा आहे. उंबऱ्यावर कोणी संसार मांडत नाही.

दिल्लीकडे बघत बसू नका. पहिले विधेयक १९९६ साली आले आणि कायदा २०२३ साली झाला. सत्तावीस वर्षे गेली. त्यातही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशी अट घातली आणि जागा फिरत्याच ठेवल्या. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. वरून पाझरत येईल म्हणून थांबलो तर आपल्या नाती म्हाताऱ्या होतील.

तेव्हा बायांनो, उत्तर ऐका. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. कायद्यात दुसरे काही लिहिलेले नाही. लिहिले आहे ते आपल्या डोक्यात.

गावी गेल्यावर तीन कामे करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो. ती कागदावर होते, ती खरी भरवा आणि जमाखर्च वाचून घ्या. ज्या सरपंच आहेत त्यांनी डोंगल आजच स्वतःच्या ताब्यात घ्यावे. आणि जिने पाच वर्षे काम केले, तिला खुल्या जागेवर पुन्हा उभी करा.

भावांनो, तुम्हालाही एक सांगते. शेतीमालाच्या भावाची लढाई आली की रस्त्यावर पहिल्या ओळीत तुम्ही आम्हाला बसवता, कारण पोलीस बायांवर लाठी उचलताना बिचकतात. रस्त्यावर पहिली ओळ आमची, तर पंचायतीच्या यादीत शेवटची का?

मी या वेळी पुन्हा फॉर्म भरणार आहे. वॉर्ड खुलाच आहे. अकरा मते कमी पडली होती. ती अकरा घरे मला ठाऊक आहेत. उद्यापासून तिथे जाणार आहे.