चाके जमिनीवर असताना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे एक शहर आहे. एरवी तिथल्या विमानतळाचे नाव कुणी काढणार नाही. पण दरवर्षी जुलैच्या अखेरीस हौशी वैमानिकांचा मेळा भरतो आणि आठवड्याभरात त्या परिसरात दहा हजारांच्या आसपास विमाने येतात. घरच्या गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून तयार केलेली दोन आसनी विमाने, शेतावर औषध फवारणारी, दुसऱ्या महायुद्धातून उरलेली अवजड धुडे, सगळी एकाच ठिकाणी. वैमानिक गवतावर विमान उभे करतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात. तुम्ही या ठिपक्यावर उतरा, मागच्याने त्या ठिपक्यावर, असे विमानतळाचा नियंत्रण टॉवर सांगतो, म्हणजे एकाच पट्टीवर एकामागून एक विमाने उतरू शकतात. हवेतला हा कारभार थक्क करणारा आहे. जमिनीवरची कथा वेगळी.

३० जुलै २००६ हा त्या वर्षीच्या मेळ्याचा शेवटचा दिवस. परतीला निघालेल्या विमानांमध्ये आरव्ही-६ जातीचे एक दोन आसनी विमान होते आणि एक अ‍ॅव्हेंजर होते. अ‍ॅव्हेंजर म्हणजे महायुद्धात टॉर्पेडो टाकणारे विमान. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश विशीत हेच विमान चालवत, आणि १९४४ मध्ये जपान्यांनी त्यांना पाडले तेव्हाही ते याच विमानात होते. रिकाम्या अ‍ॅव्हेंजरचे वजन पाच टनांच्या घरात. आरव्ही-६ साडेचारशे किलोंच्या आसपास. दिवसाउजेडी, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चाकांवर सरकताना, अ‍ॅव्हेंजरचा प्रोपेलर आरव्हीवर गेला आणि आरव्हीतल्या प्रवाशाचा जीव गेला. दोन्ही विमानांनी अजून जमीन सोडलेली नव्हती.

अख्खे विमान समोर असून दिसले कसे नाही, असे कुणीही विचारेल. त्याचे उत्तर विमानाच्या ठेवणीत आहे. जुन्या काळच्या बहुतेक विमानांना तिसरे चाक शेपटीखाली असते. जमिनीवर शेपूट खाली आणि नाक वर. त्या नाकात भलेमोठे इंजिन, आणि वैमानिक बसतो त्याच्या मागे. समोर पाहिले तर त्याला इंजिनाचे झाकण दिसते आणि त्यावरचे आकाश. रस्ता दिसतच नाही. म्हणून अशी विमाने सरळ नेत नाहीत, नागमोडी नेतात. थोडे डावीकडे वळायचे, उजव्या बाजूने पुढे डोकवायचे. मग उजवीकडे वळून डाव्या बाजूने. दोन वळणांच्या मध्ये जे काही समोर येऊन थांबेल ते वैमानिकाच्या हिशेबात नसते. पुढचे विमान रांगेत मध्येच थांबले, किंवा जागा अरुंद म्हणून वळणे उथळ झाली, की संपले.

लहान विमानांच्या टकरीत खरा घात पंखाने होत नाही, प्रोपेलरने होतो. पंखाला पंख घासला तर पत्रा चेपतो, विम्याची कागदपत्रे भरावी लागतात. प्रोपेलरचे तसे नाही. टॅक्सी करताना तो मिनिटाला साधारण हजार फेरे घेतो असे धरू. दोन पात्यांचा असेल तर सेकंदाला तेहेतीस घाव. विमान ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकत असले तरी दर चार सेंटिमीटरला एक काप. अपघाताची चौकशी करणारे लोक हाच हिशेब उलटा मांडतात: पत्र्यावरच्या कापांमधले अंतर टेपने मोजायचे आणि त्यावरून धडकताना वेग किती होता ते काढायचे.

आज शिकाऊ वैमानिकाच्या वाट्याला बहुधा सेस्ना १७२ किंवा तिच्या जातीचे विमान येते. तिसरे चाक नाकाखाली असल्याने समोरचे दिसते. पंखांचा पसारा मात्र अकरा मीटर, आणि ही रुंदी अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिवाय समोरचे सुकाणू हातात आले की नवा विद्यार्थी मोटारीसारखे ते फिरवू लागतो. सुकाणू फिरते, पंखांवरच्या फळ्या वरखाली होतात, आणि विमान जात होते तसेच सरळ जात राहते, कारण जमिनीवर ते वळवायचे असते पायांनी. ब्रेकही त्याच पेडलांच्या वरच्या टोकाला. मोटार चालवून पक्क्या झालेल्या सवयी इथे आड येतात. भारतातल्या विद्यार्थ्याला तर आणखी एक गोष्ट विसरावी लागते. दोन विमाने समोरासमोर आली तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दोघांनी थांबायचे, नाहीतर आपापल्या उजवीकडे सरायचे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर जन्मभर डावीकडे सरकलेल्या माणसाची पहिली ऊर्मी नेमकी उलटी असणार.

आडवे येणाऱ्यांसाठीचा नियमही असाच: ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने थांबायचे. पण नियम लागू व्हायला आधी दुसरे विमान तिथे आहे हे कळायला हवे.

ते कळवण्याचे काम जिथे टॉवर आहे तिथे टॉवर करतो, आणि टॉवरही चुकतो. ९ मार्च २००० रोजी फ्लोरिडातल्या सॅरासोटा विमानतळावर टॉवरच्या चुकीमुळे दोन सेस्ना विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली. एक विमान उड्डाणासाठी धावत होते, दुसरे मधल्या रस्त्याने त्याच पट्टीवर आले. चौघे गेले.

मिलानच्या लिनाते विमानतळावरची घटना याहून भीषण आणि याहून गुंतागुंतीची. ८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ, दाट धुके. सेस्ना सायटेशन नावाचे एक छोटे जेट चार माणसांना घेऊन निघाले. त्याला आर-५ या रस्त्याने जायला सांगितले होते. ते आर-६ ला लागले, आणि आर-६ मुख्य धावपट्टीला छेदून जात होता. रस्त्यावरच्या खुणा पुसट होत्या, पाट्या अपुऱ्या. जमिनीवरची विमाने दाखवणारे जुने रडार बंद झालेले होते आणि नवे अजून सुरू व्हायचे होते. म्हणजे धुक्यात टॉवरला वैमानिकाच्या शब्दावरच विसंबायचे होते. वैमानिकाने शब्द दिलाही होता. ‘एस-४’ अशी एक खूण जवळ आल्याचे त्याने रेडिओवर सांगितले. ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हतीच. ही अक्षरे कसली, असे त्याने विचारले असते तर कदाचित सगळे तिथेच थांबले असते. त्याच वेळी एसएएस कंपनीचे एमडी-८७ हे मोठे प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत सुटले होते. धडकेनंतर ते क्षणभर हवेत उचलले गेले, पण उजवे इंजिन निखळलेले असल्याने पुन्हा खाली आले आणि सामानाच्या इमारतीत घुसले. दोन्ही विमानांतले ११४ आणि इमारतीतले चार कामगार, असे एकूण ११८ मृत्यू. बळींचा आकडा मोठ्या विमानामुळे वाढला. सुरुवात मात्र एका छोट्या विमानाच्या चुकलेल्या वळणापासून झाली होती.

या साऱ्यावर आता उपकरणे आली आहेत. वैमानिकाच्या मांडीवरच्या टॅब्लेटवर विमानतळाचा नकाशा असतो, त्यावर आपले विमान ठिपक्याच्या रूपात सरकताना दिसते आणि घोटाळ्याच्या चौकांभोवती वर्तुळे काढलेली असतात. लिनातेच्या धुक्यात असे काही हाताशी असते तर त्या चौघांना आपण कुठे आहोत ते समजले असते. पण याच टॅब्लेटने नजर खिडकीबाहेरून काढून मांडीवर आणली आहे, आणि टॅक्सी-वेवर प्रशिक्षकांची निम्मी ओरड आता त्याच पायी असते. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची, चेकलिस्ट वाचायची किंवा नकाशा मोठा करून पाहायचा, तर आधी विमान थांबव, ब्रेक दाब, आणि मग मान खाली घाल.