नंबर नंतर, आधी दुखणं सांगा

रानातनं येऊन, भाकरी थापता थापता तुम्ही रेडिओ लावला असेल. हात चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

आम्ही तिघी तालुक्याच्या गावात दवाखान्यांच्या काउंटरवर बसतो. एकीचा दवाखाना एसटी स्टँडजवळ, दुसरीचा बाजारपेठेत, तिसरी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. पगाराच्या वहीत आम्हाला रिसेप्शनिस्ट म्हणतात. तुम्ही कधी ताई म्हणता, कधी मॅडम, कधी सिस्टर. सिस्टर मात्र आम्ही नाही. आम्ही नर्सिंग शिकलेलो नाही. एकीचं शिक्षण दहावी, दोघींचं बारावी. दोघी तुमच्यासारख्याच बचत गटात आहोत.

आमचं काम काय? सकाळी कुलूप काढायचं, नंबर लावायचे, केसपेपर काढायचा, नाव-गाव-वय लिहायचं, फी घ्यायची, सुट्टे पैसे शोधायचे, फोन उचलायचा, जुने रिपोर्ट काढून द्यायचे. बाजाराच्या दिवशी पायरीपर्यंत माणसं उभी असतात. सगळ्यांना शेवटची एसटी गाठायची असते. त्यात कुणीतरी म्हणतं, "माझा नंबर आधी होता." कुणी म्हणतं, "साहेब आमच्या ओळखीचे आहेत." आणि औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन मधेच आत गेला, की त्याचा राग आमच्यावर निघतो.

तुम्ही आमच्याबद्दल काय बोलता, तेही आम्हाला माहीत आहे. "डॉक्टर चांगला आहे, पण ती काउंटरवरची बाई खेकसते." खरं आहे. आम्ही खेकसतो. सकाळपासून पन्नास वेळा "अजून किती वेळ?" ऐकलं, की एकावन्नाव्या वेळी आवाज चढतो. ते बरोबर नाही. पण आज आम्ही त्याहून मोठी चूक सांगायला आलो आहोत. ती आवाज चढवून झालेली नाही. ती गप्प बसल्यानं झाली.

ही गोष्ट आमच्यातल्या एकीच्या काउंटरवर घडली. कुणाच्या, ते सांगत नाही. कारण त्या दिवशी तिथं आमच्यापैकी कुणीही असती, तरी हेच झालं असतं.

साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. ऊसतोडीला आलेली एक बाई संध्याकाळी दवाखान्यात आली. वय विशीच्या आतबाहेर. सोबत तिची जाऊ. दिवसभर फडात मोळ्या वाहून आल्या होत्या. खाडा धरला तर पैसे कापतात, म्हणून काम आटपून आल्या. आम्ही विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय." आम्ही केसपेपरवर लिहिलं, डोकेदुखी. नंबर दिला सतरा. तेव्हा आत नववा पेशंट होता. "बसा," म्हणालो.

ती बसली. बाकावर जागा नव्हती, म्हणून भिंतीला टेकून खाली बसली. पदर अंगभर घेतलेला. सातवा संपून आठवा महिना लागलेला, हे आम्हाला दिसलं नाही. आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पाय सुजले होते. सकाळपासून डोळ्यांपुढं अंधारी येत होती. हे जावेला माहीत होतं. मधे एकदा जाऊ काउंटरपाशी आली, म्हणाली, "ताई, जरा लवकर घ्या की." आम्ही म्हणालो, "सगळ्यांनाच लवकर पाहिजे." ती परत जाऊन बसली. तिला वाटलं, परगावची माणसं आपण, जास्त कशाला बोला.

तेरावा नंबर आत असताना तिला आकडी आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टर धावत बाहेर आले. रक्तदाब खूप वाढलेला होता. १०८ ला फोन केला, गाडी आली, तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाई वाचली. बाळ वाचलं नाही.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावून सांगितलं. गरोदरपणात पाचवा महिना उलटल्यावर काही बायांचा रक्तदाब वाढतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, की धोका समजायचा. त्यात डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोंडावर-हातांवर सूज येते, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखतं. पुढं आकडी येऊ शकते. ती थांबवायला इंजेक्शन असतं, पण त्यासाठी बाई वेळेत पोचली पाहिजे. आधीच मोठ्या दवाखान्यात गेली असती, तर बाळ नक्की वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण तिचा तासभर आमच्या भिंतीपाशी गेला, हे खरं आहे. तो तास आम्हाला अजून टोचतो.

त्या दिवसापासून आम्ही तिघींनी एक गोष्ट मनाशी धरली. नंबर ही रांगेची सोय आहे. दुखण्याला नंबर कळत नाही. आधी आलेल्याचं दुखणं मोठं, नंतर आलेल्याचं लहान, असं कधी नसतं.

आता आमच्या तिन्ही काउंटरवर केसपेपर काढताना आम्ही बाईमाणसाला तीन प्रश्न विचारतो. दिवस गेलेत का, किंवा नुकतीच बाळंत झाली आहेस का? कधीपासून त्रास आहे, आणि आज वाढलाय का? उभं राहवतंय का? चुकीचं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर आम्ही उठून आत जातो आणि डॉक्टरांना सांगतो. कुणाला आधी घ्यायचं, ते डॉक्टर ठरवतात. आम्ही फक्त वेळेत सांगायचं. बाकीचे लोक ओरडतात. ओरडू द्या. "उद्या तुमच्या घरचं माणूस असंच आलं, तर त्यालाही आधी घेऊ," एवढं म्हटलं, की बहुतेक माणसं गप्प होतात.

पण आमच्या तीन प्रश्नांवर तुम्ही विसंबून राहू नका. गर्दीत आम्ही चुकू. दुसऱ्या दवाखान्यात कुणी विचारणारही नाही. म्हणून काही गोष्टी तुम्हीच काउंटरवर ठणकावून सांगायच्या. त्या आता सांगतो.

गरोदर बाई असेल, तर पहिलं वाक्य तेच. "मी पोटुशी आहे, इतका महिना आहे." मग दुखणं. डोकं ठणकणं, अंधारी, सूज, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं, यातलं काहीही असेल तर नंबर घेऊन बसायचं नाही. बाळंतिणीला पॅड किंवा कापड सारखं भिजत असेल, ताप असेल, डोकं ठणकत असेल, तरी तेच. माता-बाल कार्ड जवळ ठेवा. ऊसतोडीला जा, वीटभट्टीला जा, कार्ड पिशवीत पाहिजे. त्यावर आधीचा रक्तदाब लिहिलेला असतो.

लहान मूल दूध ओढत नसेल, सारखं झोपेत असेल, उठवलं तरी उठत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, आकडी आली असेल, तर सांगा. "ताप आहे" एवढंच सांगू नका. ताप तर त्या खोलीतल्या सगळ्याच मुलांना असतो.

छातीत दाब, घाम, धाप असेल, तर सांगा. बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, एकदम गळून जायला होतं. मग आपण म्हणतो, पित्त झालं असेल. पित्त आहे की काय, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर किती वाजता सुरू झालं ते आठवून सांगा. लकव्याच्या काही रोग्यांना गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण साधारण साडेचार तासांच्या आत. ते लहान दवाखान्यात मिळत नाही. तेलमालीश करण्यात वेळ घालवला, तर ती संधी जाते.

साप चावला असेल, तर आमच्यासारख्या लहान दवाखान्यात येऊन नंबर लावूच नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडनं कापू नका.

हे फोन नंबर पाठ करा. १०८ ची गाडी मोफत आहे, रात्रीही येते. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते. त्या दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घेतली, तर धोका वेळेत कळू शकतो.

आता लाजेची गोष्ट. आम्हाला कळतं, की काउंटरवर शेजारच्या गावातला पुरुष उभा असतो, कधी स्वतःचा सासराच उभा असतो. त्याच्यादेखत "अंगावरून जातंय" कसं सांगायचं? मग बाई म्हणते, "अशक्तपणा आहे." यावर आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला एक खुर्ची ठेवली आहे. तुम्ही फक्त म्हणा, "ताई, जरा बाजूला बोलायचंय." आम्ही आत बोलावतो. तेही शक्य नसेल, तर म्हणा, "बायकांचं दुखणं आहे, पण थांबवत नाही." आम्हाला समजतं. दुखणं तातडीचं नसेल, तर "डॉक्टरांनाच सांगते" म्हटलं तरी चालतं. सगळं आम्हाला सांगायलाच पाहिजे, असं नाही.

आणि जे सांगाल, ते आमच्यापाशी राहील. हे सोपं नाही, बरं का. आम्हीही याच तालुक्यातल्या. लग्नात, बाजारात एखादी सासू गाठते. "माझी सून आली होती ना? काय निघालं?" आम्ही म्हणतो, "मावशी, तिलाच विचारा." मावशी रागावते. आमच्यातल्या एकीशी तर नात्यातल्या एका बाईनं वर्षभर बोलणं टाकलं. टाकू दे. आज सासूला सांगितलं, तर उद्या सून दवाखान्यात यायचीच नाही.

दोन गोष्टी मात्र आमच्याकडे मागू नका. एक, "फोनवर गोळी सांगा." आम्ही रोज पाहतो म्हणून गोळ्यांची नावं आम्हाला पाठ झाली आहेत, पण कुणाला कोणती चालत नाही, हे आम्हाला कळत नाही. दुसरी, "पोटात मुलगा की मुलगी, तेवढं डॉक्टरांना विचारून सांगा." १९९४ च्या कायद्यानं ते विचारणंही गुन्हा आणि सांगणंही गुन्हा. पैसे दाखवले, गयावया केली, तरी आमचं उत्तर एकच.

येताना काय आणायचं, तेही सांगतो. जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं. "पांढरी गोळी, बारकी" असं सांगितलं, तर डॉक्टरांना काही कळत नाही. मोठ्या दवाखान्यात भरती झालात, तर घरी जाताना कागद मागून घ्या. कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं काढा. एकीनं काउंटरवरची बाई व्हायचं, खुशाल खेकसायचंही. दुसरीनं तिच्यासमोर उभं राहून आपलं दुखणं एका दमात सांगायचं. "आठवा महिना आहे, सकाळपासून डोकं ठणकतंय, अंधारी येतेय, मला आत्ता दाखवायचंय." हसू येईल. येऊ द्या. घरी चार जणींत बोललेलं वाक्य तिथं चाळीस जणांत तोंडातून निघतं. आणि समोरची "बसा" म्हणाली, तर बसायचं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, मोठ्यानं.

त्या दिवशी ती जाऊ दुसऱ्यांदा आली असती, आणि आम्ही तोंड वर करून पाहिलं असतं, एवढंच आम्हाला सारखं वाटतं. तुमच्या गावात ऊसतोडीची, वीटभट्टीची बिऱ्हाडं उतरली असतील, तर त्यांच्या बायकांनाही हे सांगा. त्यांच्याकडे रेडिओ असेलच असं नाही.

येतो आम्ही. उद्या सकाळी कुलूप काढायचं आहे. नमस्कार.