डॅनियलचा फॉर्म आणि आपला दावा

(वनहक्क शिबिरात रात्री फिल्म दाखवण्याआधी कॉलेजच्या एका मुलीने केलेलं भाषण. बोलली तसं उतरवलं आहे.)



काकांनो, मावश्यांनो, आता दाखवणार ती फिल्म अकरा मिनिटांची. आम्ही चार पोरांनी केली. पण ती डोक्यात आली कुठून, ते आधी सांगते. लांबून आली, इंग्लंडातून.

तिथे केन लोच नावाचा दिग्दर्शक आहे. कामगार, बेघर, गरीब यांच्यावर त्याने बरेच सिनेमे केले. त्याचा २०१६ चा ‘आय, डॅनियल ब्लेक’ आम्हाला सरांनी दाखवला. न्यूकॅसल शहरातला एक सुतार. हार्ट अटॅक आलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नको. सरकारी तपासणीवाले म्हणतात तू कामाला ठीक आहेस. झालं, मदत बंद. पुढचा फॉर्म कॉम्प्युटरवरच भरायचा. माउस वर ने म्हटल्यावर तो माउस उचलून स्क्रीनवर फिरवतो. वर्गात पोरं हसली. मला नाय हसू आलं. माझा बाप दाव्याचा कागद घेऊन खिडकीपुढे असाच उभा असतो.

लोच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानेच शूट करतो. पुढे काय होणार ते नटाला आधी सांगत नाय. धान्यवाटपाच्या सीनमध्ये तिथे खरंच काम करणारी माणसं आहेत. आम्ही म्हटलं, हे आपल्याला जमेल. नट आणायला पैसे होते कुठे?

आमच्या पाड्यावरच्या एका काकीचा दावा फेटाळलेला. कारण एका ओळीचं: पुरावा अपुरा. ते पत्रसुद्धा तिच्या हातात कोणी दिलं नव्हतं. तिचं काम शेजारच्या आजीला दिलं. शाळेच्या खोलीत टेबल मांडलं, एक पोरगा साहेब झाला. तो काय बोलणार ते आजीला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, ‘पुरावा नाही.’ आजी सुरूच झाली. बांध कोणी घातला, नागली कुठे, वरई कुठे, गार्डाने दंडाची पावती कधी फाडली, कोणतं पोर कोणत्या आंब्याखाली झालं. चार मिनिटं. पोरगा साहेबपण विसरून ऐकत बसला. ते आम्ही कापलं नाय.

मग संघटनेचे दादा म्हणाले, अगं, हे लिहून घ्या! नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी निवेदन पुरावा धरतात. दंडाची पावतीपण चालते. आणि दावा नामंजूर केला तर तसं दावेदाराला समक्ष कळवावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात. अपिलाला ६० दिवस असतात. फिल्मसाठी बोललेलं आम्ही कागदावर उतरवलं, आजीला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने आम्हाला सुधारलं, मग अंगठा दिला. काकीच्या अपिलाला ते जोडलंय. निकाल अजून नाय.

एका गोष्टीवर भांडण झालं. डॅनियल अपिलाच्या दिवशीच मरतो, सुनावणी व्हायच्या आधी. आमच्यातला एक म्हणाला, आपणपण शेवटी म्हातारी मारू, लोक रडतील. आजी म्हणाली, ‘मी नाय मरायची. मला भात लावायचाय.’ म्हणून आमची फिल्म लावणीवर थांबते.

बॅटरी एकच आहे, तेव्हा फिल्म एकदाच दिसेल. पोरांना पुढे बसवा. आणि ज्यांच्या घरी दंडाच्या जुन्या पावत्या आहेत, त्यांनी उद्या सकाळी घेऊन या. फाटलेली असली तरी आणा.