शेवटून पहिला
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने मला ‘धावण्याचा क्लब’ असा विषय दिला आणि वीस मिनिटे दिली. आमच्या गटातल्या बहुतेकांना वीस मिनिटांत तीन किलोमीटरही होत नाहीत, त्यामुळे भाषण कुठवर पोहोचेल याची मला खात्री नाही. पण विषय वेळेवर निघाला आहे. पुढच्या वर्षी उत्सवात मंडळातर्फे धावण्याची शर्यत ठेवायची, असे घाटत आहे. पहिल्या तिघांना रोख बक्षीस किती द्यायचे, यावर दोन बैठका झाल्याचेही ऐकतो. तो निर्णय पक्का होण्याआधी माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. धावण्याच्या क्लबची पत पहिल्या आलेल्या माणसावरून कळत नाही. शेवटच्या माणसासाठी किती जण थांबले, यावरून ती कळते.

आमचा आडुतुरैचा गट कसा आहे, ते आधी सांगतो. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. चार मराठी माणसे जमली की एक मंडळ निघते आणि पाचवा आला की दुसरे निघते, असे आपल्याबद्दल विनोदाने म्हणतात. आमच्याकडे निवडणूकच नसल्यामुळे अजून फूट पडलेली नाही! पहाटे पाच वाजता रेल्वे स्टेशनजवळ जमायचे, आठवड्यातून तीन दिवस चार-पाच किलोमीटर पळायचे आणि रविवारी जरा लांब जायचे, एवढाच नियम. गटात गलाईवाले आहेत, संस्थेतले कर्मचारी आहेत, एक शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, दोन-तीन शेतकरी आहेत, कॉलेजची मुले आहेत आणि आता आपल्या घरांतल्या तीन भगिनीही आहेत. निम्म्याहून अधिक मंडळी तमिळ आहेत. पळून झाले की डिग्री कॉफी, आणि उन्हाळ्यात नीर मोर, म्हणजे आपले पातळ ताक.

आमचे वेळापत्रक भाताच्या हंगामावर चालते. कुरुवैची कापणी झाली की शेतकरी रस्त्याच्या कडेला भात वाळत घालतात. मग त्या दिवसांत आम्ही एका रांगेत, भातावर पाय पडू न देता जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचा पाऊस असतो, तेव्हा बांधावरचे रस्ते सोडून डांबरी रस्ता धरतो. १९२२ पासून या गावात भातावर संशोधन चालू आहे. त्यामुळे पळता पळता रोपांच्या वाणांची जेवढी चर्चा आमच्यात होते, तेवढी दुसऱ्या कुठल्या धावणाऱ्या गटात होत नसेल.

रविवारचा आमचा आवडता रस्ता गोविंदपुरमचा. तिथे विठ्ठल-रखुमाईचे मोठे मंदिर २०११ मध्ये उभे राहिले. भाताच्या हिरव्या शेतांमागून आपल्याकडच्या धाटणीचे ते उंच शिखर दिसू लागले की थकलेल्या पायांनाही जोर येतो. आमचे तमिळ मित्र लांबूनच ‘पांडुरंगा’ म्हणून हात जोडतात. त्या रस्त्यावर मला नेहमी वारीची आठवण होते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर लाखो माणसे पायी जातात. त्यात पहिला कोण आला, असे कुणी विचारत नाही. दिंड्यांना क्रमांक असतात, पण ते चालण्याच्या जागेचे असतात. ज्यांच्या घराण्यात वारी आहे, त्यांना क्लब म्हणजे काय हे वेगळे शिकवायला नको.

आता जरा आपल्या धंद्याकडे वळतो. गलाईचे काम म्हणजे भट्टीची धग, तेजाबाचा धूर, मुशीपुढे तासन्‌तास बसणे आणि टंच बरोबर निघेपर्यंत डोक्याला ताण. जेवणाची वेळ ठरलेली नाही, झोपेची नाही. संस्थेतल्या मित्रांचे बसणे खुर्चीवरचे, पण बसणे तेच. चाळिशी ओलांडली की आपल्यातल्या अनेकांच्या घरात साखरेची गोळी येते. चालताना-पळताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून डॉक्टर व्यायाम सांगतात. आपल्यातलेच एक काका असे डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमच्यात आले. पहिल्या दिवशी ते विजेचे दोन खांब पळाले आणि चार खांब चालले. गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी, हे त्यांच्यामुळे आम्ही सगळेच शिकलो. आज त्यांच्या पुडीतली साखर बहुधा आम्हीच खातो!

नव्या माणसाला आमच्याकडे सर्वांत आधी एक तमिळ शब्द शिकवतात : ‘मेदुवा’, म्हणजे हळू. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून एकेक शब्द तुटू लागला, तर वेग जास्त झाला असे समजावे. मोठे धावपटूसुद्धा आपला बहुतांश सराव असाच सावकाश करतात आणि वेगाचा सराव थोडाच ठेवतात. या साध्या नियमाचा आणखी एक फायदा झाला. बोलता येईल अशा वेगाने पळायचे, तर कुणाशी तरी बोलावे लागते. वर्षानुवर्षे इथे राहूनही आपले तमिळ ‘किती ग्रॅम’ आणि ‘भाव काय’ याच्या पुढे गेले नव्हते. काउंटरच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. पहाटेच्या अंधारात शेजारी शेजारी पळताना काउंटर मध्ये येत नाही. मुलीचे लग्न, शेतातले पाणी, मेट्टूरचे धरण कधी उघडणार, हे सगळे त्या पाच किलोमीटरमध्ये निघते. आपल्या भगिनींच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे. त्यातल्या एकीने मला सांगितले, ‘भाऊजी, लग्न होऊन इथे आल्यापासून मी माझ्या मर्जीने पाहिलेला हा पहिला रस्ता.’ हे वाक्य मी विसरू शकत नाही.

मग शर्यतींचे काय? मंडळी, आम्ही शर्यतींनाही जातो आणि आवडीने जातो. शर्यतीची तारीख ठरली की सराव चुकत नाही. छातीवर नंबराचा कागद लावला की साठीतला माणूस पोराटकीत जातो. गावी जाण्याचे निमित्त साधून आमच्यातल्या काहींनी साताऱ्याची हिल अर्धमॅरेथॉन केली. सातारच्या धावणाऱ्या मंडळींनी २०१२ मध्ये ती सुरू केली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि तसेच परत यायचे, एकूण एकवीस किलोमीटर. निम्मी शर्यत चढाची, निम्मी उताराची. २०१५ मध्ये डोंगरी शर्यतीतल्या सहभागाबद्दल तिची गिनीज बुकात नोंद झाली. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या हौशी लोकांनी उभे केलेले हे काम आहे. इकडे जवळ ऑरोव्हिलला २००८ पासून मॅरेथॉन होऊ लागली. तिथे वेळेची अधिकृत नोंद नाही, क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. तांबड्या मातीच्या वाटेने धावण्याचा आनंद घ्यायचा आणि घरी यायचे. तरीही माणसे लांबून येतात.

आणखी एक उदाहरण परदेशातले. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-हेविट यांनी शनिवारी सकाळी पाच किलोमीटरची मोफत धाव ठेवली. त्या दिवशी धावणारे होते फक्त तेरा. तीच धाव पुढे ‘पार्करन’ या नावाने अनेक देशांत पोहोचली. तिथे एका स्वयंसेवकाचे कामच असते सर्वांच्या मागून चालत येण्याचे. तो शेवटचा येतो, म्हणून बाकी कुणावरही शेवटचा येण्याची पाळी येत नाही. किती साधी युक्ती! आमच्या गटात ही पाळी आता आलटून पालटून लावलेली आहे. तिला आम्ही ‘शेवटून पहिला’ म्हणतो. गंमत म्हणजे सर्वांत वेगवान पोरेच ती पाळी मागून घेतात.

शर्यत म्हटली की जिंकणे आले, असे कुणी म्हणेल. त्यांना मी १९२० ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा लहानसा चमू गेला. त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने आणि सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. मॅरेथॉनमध्ये आपले दोघे धावले : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन दोन तास बत्तीस मिनिटांत पहिले आले. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पण ऑलिंपिकच्या दप्तरात चौगुल्यांच्या बरोबरीने त्यांचेही नाव आहे. पदक त्या दोघांपैकी कुणालाच मिळाले नाही, आणि तरी शंभर वर्षांनंतर कावेरीकाठी आपण त्या दोघांची नावे घेत आहोत. आपल्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर बत्तीस वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. दुष्काळी मुलखातल्या मुलीचा तो दहावा क्रमांक मला पुष्कळ पदकांपेक्षा मोठा वाटतो.

दातारांचे नाव मी मुद्दाम घेतले. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या अर्धमॅरेथॉनला आमचे सात जण गेले होते. सतराव्या किलोमीटरला आमच्यातला कॉलेजचा मुलगा वेडावाकडा पळू लागला. घाम थांबलेला, बोलणे असंबद्ध, पण थांबायला तयार नाही. ‘अण्णा, पदक घेऊनच घरी जाणार,’ एवढेच म्हणत होता. आमच्या शिक्षकांनी त्याला धरून सावलीत बसवले. रेल्वेवाल्या काकांनी अंगावर पाणी ओतले, वारा घातला, मी रुग्णवाहिका गाठली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबवलेत. त्या दिवशी तिघांची शर्यत अपुरी राहिली. आपल्या या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो, आणि ज्याच्यावर येतो त्याला ते स्वतः कळत नाही. शेजारच्याला कळते. क्लब असतो तो यासाठी.

म्हणून मंडळापुढे माझ्या नम्र सूचना अशा. उत्सव भाद्रपदात येतो, तेव्हा इथे उकाडा असतो. त्यामुळे धाव पहाटे पाचलाच सुरू करावी आणि पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. दर दीड-दोन किलोमीटरवर पाणी आणि ताक ठेवावे, गणपतीजवळ डॉक्टर बसवावेत. रोख बक्षिसांचे पैसे वाचवून त्यातून हीच व्यवस्था करावी. रोख रक्कम ठेवली की बाहेरचे चार तयार धावपटू येऊन ती नेतील आणि आपले काका, आपल्या वहिनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवतील. चालणाऱ्यांनाही प्रवेश असावा. निमंत्रणपत्रिका मराठीबरोबर तमिळमध्येही छापावी, कारण रस्ता त्यांच्या गावाचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे : शेवटचा माणूस मांडवात येईपर्यंत आरती सुरू करू नये.

पुरुषमंडळींना यात स्पर्धेचा थरार कमी वाटेल. त्यांनी गेल्या महिन्याची आपली वेळ काढावी आणि ती मोडून दाखवावी. स्वतःच्या वेळेशी स्पर्धा सर्वांत अवघड असते, कारण तिथे समोरच्याने ढकलले, अशी तक्रार करता येत नाही. विजेच्या दोन खांबांपासून सुरुवात केलेल्या त्या काकांनी मागच्या रविवारी गोविंदपुरमपर्यंतचा रस्ता न थांबता पळून काढला. वेळ कुणी लावली नव्हती, कारण घड्याळ असलेले सगळे टाळ्या वाजवत होते.

उद्या बुधवार आहे. पहाटे पाच वाजता आम्ही स्टेशनजवळ असू. बूट साधे चालतील, वयाची अट नाही, वेगाची तर मुळीच नाही. उद्या शेवटून पहिला येण्याची पाळी माझी आहे, म्हणजे तुमच्या मागे कुणी तरी नक्की असेल.



गणपती बाप्पा मोरया!