चिल्लर : एका शब्दाचे मोल



मोठी रक्कम मोडल्यावर हाती उरणाऱ्या तुकड्यांना मराठीत तीन नावे आहेत. नोट मोडून मिळते ती 'मोड'. सुटून वेगळे होतात ते 'सुटे' पैसे. ही दोन्ही नावे मराठी क्रियापदांतून सरळ निघाली आहेत. तिसरे नाव 'चिल्लर'. त्याचे मूळ शोधण्यासाठी मात्र दक्षिणेकडे वळावे लागते.

तंजावरच्या बाजारात सुट्या पैशांना 'सिल्लरै' म्हणतात. कन्नडात तोच शब्द 'चिल्लरे' होतो, तेलुगूत 'चिल्लर'. तमिळमध्ये 'सिल' म्हणजे काही, थोडे. 'सिल्लरै' त्याच कुळातला. किरकोळ वस्तू आणि किरकोळ व्यापार हेही अर्थ त्याला आहेत. मराठीत 'चिल्लर गोष्ट' म्हटले की क्षुल्लकपणाची छटा येते.

देवघेव एकतर्फी नव्हती. अरबी-फारसी मुळाचा, मराठीत रुळलेला 'जास्ती' तमिळ बोलीतही सर्रास ऐकू येतो. थोड्यासाठी मराठीने द्राविडी शब्द वापरला. अधिकासाठी तमिळ माणूस 'जास्ती' म्हणतो.

या देवघेवीचा अर्थ तंजावरात विशेष उमगतो. व्यंकोजीराजांच्या वंशाचे हे राज्य 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केले. मागे उरले काय? बृहदीश्वराच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते. मोडी लिपीतील कागदपत्रे. 'मोडी' या नावाची प्रचलित व्युत्पत्तीही 'मोडणे' हीच. आणि कित्येक घरांत बोलली जाणारी तंजावरी मराठी. ती बोलणाऱ्या अनेकांना लिहिताना आज तमिळ लिपीच जवळची वाटते. तरी स्वयंपाकघरातली भाषा त्यांनी सोडलेली नाही.

गेलेल्या राज्याची ही चिल्लर, असे कोणी म्हणेल. परंतु व्यवहार करणाऱ्याला ठाऊक असते की मोठी नोट पेटीत पडून राहते आणि रोजचा बाजार चिल्लरीवर चालतो. भाषेचेही तसेच आहे. राजाश्रयाने तिला वैभव लाभते. तिचे रोजचे चलन मात्र घरातल्या लहानसहान शब्दांवर टिकते.

मराठी शाळेत मूल घातल्याने त्याच्या हाती काय उरेल, ही पालकांची चिंता खरी आहे. तंजावरची घरे तिला एक उत्तर देतात : जे शब्द रोज खर्च होतात, तेच उरतात.