तेलाचा भाव आणि माळव्याचे सोयाबीन



घरात येणाऱ्या तेलाच्या डब्याचा भाव इंडोनेशियात ठरत असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. तथापि २८ एप्रिल २०२२ रोजी त्या देशाने पामतेलाची निर्यात रोखली आणि भारतातील किराणा दुकानांतून तिचे पडसाद उमटले. तत्पूर्वी फेब्रुवारीत युक्रेनमधील युद्धामुळे सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडलीच होती. इंडोनेशियाची बंदी २३ मे रोजी उठली. धडा मात्र राहिला. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. त्याचे मोल डॉलरमध्ये चुकवावे लागते. २०१४ साली डॉलरला सुमारे ६० रुपये पडत, २०२४ अखेर सुमारे ८५ पडू लागले. म्हणजे परदेशी व्यापाऱ्याने भाव न वाढवताही माल महागतो.

हे तेल येथेच का पिकू नये? या प्रश्नाचे उत्तर माळव्याच्या काळ्या जमिनीत शोधावे लागते. पूर्वी येथील पुष्कळ शेते पावसाळ्यात पड राहत. सोयाबीन आले आणि खरिपात हाताला काम मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हेक्टरी उत्पादन गेली कित्येक वर्षे दहा-अकरा क्विंटलांच्या आसपास घुटमळत आहे. ब्राझीलचा शेतकरी याच्या तिप्पट काढतो. त्याची जमीन, पाऊस आणि यंत्रे निराळी आहेत हे खरे, पण एवढी तफावत केवळ निसर्गाची म्हणता येणार नाही.

रोजगाराच्या आकड्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार बेकारीचे प्रमाण २०१७-१८ मधील ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आले. आकडा समाधानकारक आहे. मात्र त्याच काळात शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचा वाटा ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर गेला. तेवढ्याच शेतात अधिक माणसे राबली व पीक तेवढेच आले, तर काम मिळाल्याची नोंद होते, पदरात मात्र कमी पडते.

आयात शुल्काचे गणित तर तारेवरची कसरत आहे. शुल्क उतरवावे तर गृहिणीला दिलासा मिळतो, पण सोयाबीनचा भाव पडतो. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना मंडईत त्याहून कमी दर मिळाला व शेतकरी संतप्त झाले. सप्टेंबरात कच्च्या तेलावर २० टक्के मूळ शुल्क बसवले गेले. मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणावे लागले. दोघांपैकी कोणाचेच गाऱ्हाणे खोटे नाही. शुल्काने भाराची वाटणी बदलते, भार हलका होत नाही. तो हलका होईल हेक्टरी उत्पादन वाढल्यानेच.

आणि त्याची सुरुवात बियाण्यापासून होते. सोयाबीनचे बी नाजूक. साठवणीत व हाताळणीत त्याची उगवणशक्ती लवकर जाते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व उगवलेले मोजावेत. सत्तराहून कमी निघाल्यास बियाणे बदलावे किंवा त्या मानाने प्रमाण वाढवावे. शाळेच्या वर्गातही हा प्रयोग करता येईल. पेरणीची घाईही नको; सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पाभर शेतात न्यावी, असे इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था सांगते.